दोन महिने आराम? आधी अर्ज

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"आम्ही ऐरोलीला राहतो. माझे मिस्टर रबाळे एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत मेंटेनन्स फिटर आहेत आणि नऊ वर्षांपासून टेरिटोरियल आर्मीत (टीए, म्हणजे प्रादेशिक सेना; नोकरी सांभाळून गरजेला बोलावली जाणारी राखीव फौज) आहेत, सध्या नाईक. दरवर्षी ट्रेनिंगला जायचे, त्याची सवय होती. गेल्या वर्षी मे महिन्यात पलटणीचं बोलावणं आलं आणि ते जम्मू-काश्मीरला गेले. चौदा महिने झाले. आता जुलैअखेर डिसएम्बॉडी होऊन (बोलावलेली सेवा संपून) घरी येतील. सासूबाई आणि दीर म्हणतात, नवरात्रापर्यंत आराम करू दे, गणपतीला चिपळूणला जाऊ, घटस्थापना झाली की कंपनीचं बघू. तिकडे कंपनीतून एचआरचा फोन आला, 'जागा भरलीय, राजीनामा पाठवा, हिशोब लवकर करून देतो.' मागच्या सुट्टीत हे रात्री उठून गॅलरीत उभे राहायचे. झोपेत खांद्याला हात लावला तर एवढे दचकले की माझा हात पिरगळला. घोडबंदर रोडला बहिणीकडे जाताना मेट्रोच्या कामाजवळ तीनदा रिक्षा थांबवायला लावली. विचारलं की 'काही नाही गं' एवढंच. मी काय करू? मुलगा सहा वर्षांचा आहे. बाबा येणार म्हणून त्याने फोडायला फुगे आणून ठेवलेत."

ताई,

तुमचा जीव पत्राच्या शेवटच्या चार ओळींत अडकलाय हे दिसतंय. तरी सुरुवात एचआरच्या फोनपासून करतो, कारण त्या कामाला तारीख आहे. मनाच्या कामाला तारीख नसते.

प्रादेशिक सेना अधिनियम १९४८ सालचा. त्यातलं कलम ७अ सांगतं की लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस ती सेवा संपवून आला की त्याला परत कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आणि कसं घ्यायचं? नोकरीत खंड पडलाच नसता तर त्याला जे काम, ज्या अटी मिळाल्या असत्या, त्याहून कमी नाही असं. मधल्या चौदा महिन्यांत बाकी फिटरांना पगारवाढ मिळाली असेल, तर ती यांनाही. कंपनी खासगी आहे म्हणून कलम लागू नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कायदा सरकारी-खासगी असा भेद करत नाही.

पण त्याच कलमात मालकाच्या सुटकेची एक खिडकीही आहे. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत माणसाने परत घेण्याचा अर्जच केला नाही, एवढं मालकाने सिद्ध केलं की तो मोकळा. आता बोटं मोजा. जुलैअखेर डिसएम्बॉडी, म्हणजे मुदत सप्टेंबरअखेर. यंदा अधिक मासामुळे घटस्थापना ऑक्टोबरात गेलीय. सासूबाईंचा बेत मायेचा आहे, पण तो जसाच्या तसा पाळला तर यांचा हक्क चिपळूणच्या गणपतीबरोबरच पाण्यात जाईल. आराम जरूर करू द्या, फक्त अर्ज देऊन मग. आणखी एक करता येईल. यांची काही सुट्टी शिल्लक असेल तर ती डिसएम्बॉडिमेंटच्या आधी घेता येते का, हे त्यांनी आत्ताच युनिटच्या क्लार्कला विचारावं. ती सुट्टी घरी काढली तरी माणूस सेवेतच असतो, पगार चालू असतो आणि दोन महिन्यांचं घड्याळ अजून सुरू झालेलं नसतं.

राजीनाम्यावर सही नको. ई-मेलवर 'ठीक आहे' असा होकारही नको, आणि तुम्ही तर त्यांच्या वतीने फोनवरसुद्धा काही कबूल करू नका. 'हिशोब लवकर करून देतो' हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यात त्यांचंच काम सोपं होतं. राजीनामा दिला की सोडणारा माणूस ठरतो, मालक नाही. बोलावण्याचा आदेश निघाल्यानंतर मालकाने काढून टाकलं, तर ते कर्तव्य चुकवण्यासाठीच काढलं असं कायदा धरून चालतो आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. जागा खरंच भरलेली असेल, परत घेणं जमत नसेल, तर त्याला तसं म्हणता येतं. मग प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढे जातं. तो तीनपैकी एक करू शकतो: मालकाला सूट देईल, योग्य वाटतील त्या अटींवर परत घ्यायला लावेल, किंवा शेवटच्या पगाराच्या दराने सहा महिन्यांपर्यंतची भरपाई द्यायला सांगेल.

खरं सांगायचं तर या कायद्याचे दात जुने झालेत. आदेश न पाळणाऱ्याला दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये, तोही जुन्या काळातला. दंडासोबत न्यायालय सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम द्यायला लावतं, तेवढा भाग चावतो. पण प्रकरण तिथवर नेण्यापेक्षा कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं एक पत्र कंपनीच्या टेबलावर पडलेलं जास्त कामाचं. बऱ्याच ठिकाणी एचआरच्या माणसाने हे कलम कधी वाचलेलंच नसतं. त्याला शत्रू समजू नका, त्याच्या हातात कागद द्या.

अर्ज साधा ठेवा. एवढं पुरे:

"मी आपल्या कंपनीत मेंटेनन्स फिटर या पदावर (तिकीट क्रमांक लिहा) काम करत होतो. प्रादेशिक सेनेच्या आदेशानुसार दि. ____ पासून दि. ____ पर्यंत मी लष्करी सेवेत होतो. ती सेवा दि. ____ रोजी संपली आहे. प्रादेशिक सेना अधिनियम, १९४८, कलम ७अ नुसार मला माझ्या पदावर, नोकरीत खंड पडला नसता तर मिळाल्या असत्या त्याहून कमी नसलेल्या अटींवर रुजू करून घ्यावे. मी दि. ____ पासून रुजू होण्यास तयार आहे. राजीनामा दिलेला नाही."

शेवटचं वाक्य वगळू नका. रुजू होण्याची तारीख डिसएम्बॉडिमेंटनंतर तीन ते चार आठवड्यांची टाका. आराम तिथे मिळतो. सोबत बोलावणं आलेल्या आदेशाची प्रत, डिसएम्बॉडिमेंटच्या आदेशाची प्रत, आणि तारखा स्पष्ट लिहिलेलं युनिटचं सेवा प्रमाणपत्र जोडा. टीएत भरती होताना कंपनीने ना-हरकत पत्र दिलं असेल तर त्याचीही झेरॉक्स लावा. कपाटात शोधा, सोन्याच्या मोलाचं आहे ते. अर्ज तीन वाटांनी जाऊ द्या: एचआरला ई-मेल, पोहोच मिळेल असं स्पीड पोस्ट, आणि एक प्रत गेटवर देऊन दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि तारीख. गेटवर शिक्का देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टाची पोहोच पुरते. अर्ज सेवा संपल्यावर करायचा असतो. त्याआधी 'मी परत येतोय' असं पत्र पाठवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून मुदतीतला अर्ज टाळू नका. इथेच पुष्कळ जण फसतात. फोनवर सुपरवायझर म्हणतो, 'ये रे, बघू,' आणि त्या 'बघू'त आठ आठवडे निघून जातात.

पीएफ आत्ताच तपासा. यांच्या यूएएन खात्यात सर्व्हिस हिस्टरीत कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट' टाकलीय का, ते बघा. टाकली असेल तर कागदोपत्री ते नोकरी सोडून गेलेत. कंपनीला लेखी सांगून ती काढून घ्यायची. बरोबर पद्धत अशी की ज्या महिन्यांत कंपनीने पगार दिला नाही, त्या महिन्यांच्या चलनात ते दिवस 'एनसीपी डेज' म्हणून दाखवायचे. म्हणजे वर्गणी नाही, पण नोकरी चालू. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुमचं, मुलाचं आणि सासूबाईंचं नाव आहे का, तेही याच बैठकीत विचारा. पटावरून नाव गेलं की विमाही गुपचूप जातो, आणि ते हॉस्पिटलच्या काउंटरवर कळतं.

पैशाचं एक गणित तुम्ही मांडलं नाही, पण ते येणार आहे. नाईकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ४ चा, २५,५०० पासून पुढे, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे ५,२०० आणि महागाई भत्ता. डिसएम्बॉडी झाले की हा पगार त्या दिवशी थांबतो. कंपनीचा पहिला पगार रुजू झाल्यानंतरच्या महिनाअखेरीला. मध्ये सहा ते आठ आठवड्यांचा खड्डा पडतो आणि ईएमआय मात्र ठरल्या तारखेला कापला जातो. तीन हप्त्यांइतकी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा. गणपतीचा खर्च त्यातून करू नका, एवढंच म्हणतो. मार्चनंतरची कटकट अशी की एकाच वर्षात पगार-कपातीची दोन टीडीएस प्रमाणपत्रं (पूर्वीचा फॉर्म १६) येतील, एक लष्कराच्या पे अकाउंट ऑफिसचा आणि एक कंपनीचा. दोघेही करमुक्त मर्यादा आणि स्टँडर्ड डिडक्शन आपापल्या परीने पूर्ण धरतात, त्यामुळे कर कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम भुर्दंड बसतो. कंपनीला रुजू होतानाच आधीच्या पगाराचा तपशील ठरलेल्या फॉर्मवर (पूर्वीचा फॉर्म १२बी) दिला तर हे टळतं.

आणि हे काम युनिट सोडण्याआधीचं आहे, म्हणून आजच्या फोनवर सांगा. गुडघा, पाठ, कान, त्वचा, झोप, जे काही बिघडलंय ते तिथल्या डॉक्टरांकडे नोंदवून घ्या. जखम झाली असेल तर इंजुरी रिपोर्ट भरला गेलाय का आणि त्याची प्रत मिळाली का, हे विचारा. घरी आल्यावर ऐरोलीच्या डॉक्टरने 'कानाचा पडदा जुना फाटलेला' असं लिहिलं तरी तो सेवेत फाटला हे दाखवणं फार अवघड जातं. जवान लोक हे टाळतात. एक तर घरी जायची घाई, दुसरं म्हणजे मेडिकल कॅटेगरी (लष्करी तंदुरुस्तीची श्रेणी) खाली येईल ही भीती. भीती खोटी नाही, पण नोंदच नसलेली इजा पुढे कुणी मानत नाही. कानाची खूण तुम्हालाही कळेल. टीव्हीचा आवाज मुलाला मोठा वाटेल इतका ठेवायला लागले, किंवा शांत खोलीत 'शीळ वाजतेय का?' असं विचारलं, तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. मेंटेनन्सच्या कामात कंप्रेसरजवळ उभं राहायचंय, तेव्हा कान सांभाळायलाच हवेत.

आता रात्रीचं.

कायम फौजेतला जवान तैनातीवरून परतला तरी पलटणीतच परततो. जेवायला तेच लोक, आजूबाजूला तेच विषय, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. टीएवाला चौकीवरून निघतो आणि दोन-तीन दिवसांत ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर एकटा उभा असतो. बाकीचे कोणी साताऱ्याला उतरले, कोणी सांगलीला. २००३ च्या इराक युद्धावर गेलेल्या ब्रिटिश सैनिकांचा अभ्यास झाला, त्यात राखीव सैनिकांना नियमित सैनिकांपेक्षा मानसिक त्रास जास्त दिसला. अमेरिकेत इराकहून परतलेल्या ८८ हजारांहून जास्त सैनिकांची दोनदा तपासणी झाली, एकदा परतल्या परतल्या आणि नंतर काही महिन्यांनी. दुसऱ्या तपासणीपर्यंत नियमितांपैकी सुमारे २० टक्के आणि राखीव सैनिकांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांना मानसिक उपचाराची गरज असल्याचं डॉक्टरांना आढळलं. आकडे तिकडचे, युद्ध वेगळं. पण वेळेची गोष्ट इथेही लक्षात ठेवण्यासारखी आहे: पहिल्या महिन्यात सगळं छान वाटतं, त्रास पुष्कळदा तीन ते सहा महिन्यांनी वर येतो. म्हणजे तुमच्या घरी नोव्हेंबर ते जानेवारी. त्यात दिवाळीचे फटाके. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.

रात्री उठून गॅलरीत उभं राहणं हे बहुतेक वेळा आजार नसतं, सवय असते. पहाऱ्याची पाळी साधारण दोन तास उभं राहायचं, चार तास मोकळं, अशी फिरते. चौदा महिने शरीराला रात्री ठरावीक वेळी उठवलंय, ते आठवड्यात विसरणार नाही. गॅलरीत उभे राहिले तर राहू द्या. 'झोपा की आता' म्हणत मागे लागू नका. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, सहा तर सहा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी चारनंतर चहा बंद. सकाळी खाडीच्या बाजूला अर्धा तास चालून यावं, उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ लवकर जागेवर येतं. कँटीनच्या रमने झोप लवकर लागते हे खरं, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते, म्हणून मग दुसऱ्या दिवशी पेग वाढतो. हे चक्र सुरू झालं की तोडायला फार जड जातं.

झोपेत अंगाला हात लावायचा नाही. तुम्ही नाही, सासूबाईंनी नाही, आणि मुलाने तर मुळीच नाही. उठवायचं असेल तर पायाच्या बाजूला, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहून आधी पॅसेजचा दिवा लावा, मग नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारा, दोनदा. डोळे उघडून त्यांनी तुमच्याकडे पाहिलं की मगच जवळ जा. तुमचा हात पिरगळला तो तुमचा हात आहे हे त्या क्षणी त्यांना माहीत नव्हतं. नंतर त्यांना त्याची लाज वाटली असणार, म्हणूनच विषय काढत नाहीत. तुम्हीच एकदा दिवसा, सहज सांगून टाका, 'मी आता आधी हाक मारेन.' एवढ्याने त्यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. मुलाला झोपलेल्या बाबांच्या अंगावर उडी मारायची नाही हा नियम ते येण्याआधीच शिकवा, आल्यावर शिकवला तर त्याला ती शिक्षा वाटेल. दाराकडच्या बाजूला झोपायचं म्हणाले तर जागा बदलून द्या.

रिक्षाचं कोडं असं सुटतं. अशा भागात गाड्यांचा ताफा सुटण्याआधी पहाटे जवान रस्ता पायी तपासतात. रोड ओपनिंग म्हणतात त्याला. रस्त्याखालच्या मोरीत वाकून बघायचं, काल नव्हती आणि आज आहे अशी गोणी, ताजी उकरलेली माती, टाकून दिलेला डबा, लोंबती वायर. आता घोडबंदर रोड डोळ्यांसमोर आणा. मेट्रोच्या कामात गोण्या, उकरलेली माती आणि वायर हेच तर आहे, मैलभर. त्यांचे डोळे ठाण्यात आलेत, पण काम तिकडचंच करतायत. त्यांना हसू नका, आणि रिक्षावाल्यासमोर 'अहो, काही नाहीये तिथे' असंही म्हणू नका. मात्र दर वेळी उतरणं किंवा तो रस्ताच टाळणं याने भीती पोसली जाते. उतरलो म्हणून वाचलो, असं मेंदू शिकतो. म्हणून रविवारी सकाळी सात वाजता, रस्ता मोकळा असताना, दोघं पायी जा. दहा-पंधरा मिनिटं. छाती धडधडली तर तिथेच उभं राहायचं, ती खाली येईपर्यंत, आणि मग परत फिरायचं. धडधड शिगेला असताना परतायचं नाही, सगळी गोम तिथे आहे. तीन-चार रविवारांत फरक दिसला तर उत्तम. घाम फुटत असेल, डोळ्यांसमोर तिकडचं दृश्य येत असेल, तर हा प्रयोग घरी करू नका, तो तज्ज्ञांबरोबरच करायचा असतो.

'काही नाही गं' यावर उपाय म्हणून समोर बसवून चौकशी करू नका. काही गोष्टी सांगायच्या नाहीत असा आदेश असतो, काही घरात आणायच्या नाहीत असं त्यांनीच ठरवलेलं असतं. भाजी निवडताना, बाजूबाजूला बसून, लहान प्रश्न विचारा. पाणी कुठून आणायचात? स्वयंपाक कोणाच्या हातचा? कुत्रं होतं का चौकीवर? (बहुतेक असतंच.) माणूस त्या कुत्र्यापासून बोलायला सुरुवात करतो. कोणी गेलं का, कोणाला मारलं का, हे विचारायचं नाही, आणि दीर-भाऊजींनाही ते आधीच बजावून ठेवा. पहिल्या रविवारी जेवायला बसल्यावर हा प्रश्न हमखास एखाद्या काकांच्या तोंडून येतो.

कंपनीत रुजू झाल्यावर पहिले दोन महिने जनरल शिफ्ट मागून घ्या. रात्रपाळी सुरू झाली तर झोपेची सगळी मेहनत वाया. सेफ्टी व्हॉल्व्ह अचानक सुटतो तेव्हाचा आवाज त्यांना दचकवेल. सोबतच्या एका विश्वासू फिटरला एवढंच सांगून ठेवावं की टेस्टिंगच्या आधी मला आवाज दे. चौदा महिन्यांत मशीनही बदललेली असू शकतात, तेव्हा लॉक-आउटची (काम करताना मशीनची वीज बंद करून कुलूप लावायची) पद्धत पुन्हा समजून घेतल्याशिवाय पॅनेलला हात नको. झोप अपुरी असलेला फिटर आणि चालू पॅनेल, हे कंपनीलाही नकोच असतं, म्हणून ही मागणी सहसा मान्य होते.

डॉक्टरकडे कधी? घरी येऊन महिना उलटला आणि तरी तीच स्वप्नं, तीच दृश्यं दिवसा डोळ्यांसमोर, माणसं टाळणं, कशातच रस नसणं, सतत सावध, क्षुल्लक गोष्टीवर भडका, असं चालू असेल तर. रोजची दारू सुरू झाली, हात उगारला गेला, कामावर जाणं बंद झालं, तर महिना थांबायचं नाही. 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काहीही बोलले तर त्याच दिवशी, आणि तोवर एकटं सोडायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथे आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारू शकता. सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) डिसेंबर २०२३ पासून आहे. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. नावाला घाबरू नका, ओपीडीत येणारे बहुतेक लोक संध्याकाळी आपल्या घरी जेवायला असतात. या त्रासावर ठरावीक पद्धतीची बोलण्याची थेरपी असते, साधारण दर आठवड्याला एक बैठक, दोन-चार महिने. सर्ट्रालीनसारखी गोळी दिली तर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बंद करू नका. झोपेच्या गोळ्या केमिस्टकडून परस्पर आणू नका, त्यांची सवय लागते. आणि ही माहिती कंपनीला कळेल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टर एचआरला फोन करून सांगत नाहीत.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. चौदा महिने घर तुम्ही चालवलंत: गॅस, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, सासूबाईंची औषधं. ते येतील तेव्हा घराला त्यांच्याशिवाय चालायची सवय झालेली असेल, आणि ती त्यांना टोचेल. पहिल्याच दिवशी वही समोर ठेवू नका, आणि 'तुम्हाला काय माहीत' हे शब्द गिळा. दुसऱ्या आठवड्यात एक तास बसून हिशोब दाखवा आणि एखादं काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, उदाहरणार्थ मुलाला शाळेत सोडणं. सगळा कारभार एकदम परत देऊ नका आणि सगळा धरूनही ठेवू नका.

सोसायटीला सत्कार करायचा असेल, तर आधी त्यांना विचारा. फोटो, नाव आणि पलटण छापलेला फ्लेक्स नको. तुम्ही पत्रात पलटणीचं नाव लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत, सोसायटीच्या ग्रुपवरही तसंच ठेवा. दहीहंडीच्या दिवशी ठाण्याच्या नाक्यांवर डीजेच्या भिंती असतात. तो दिवस चिपळूणला काढलात तरी चालेल, अर्ज त्याआधी गेलेला असला म्हणजे झालं. आणि सगळे कागद एका फाइलमध्ये राहू द्या. ६ मे २०२५ च्या ज्या आदेशाने टीएला बोलवायचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले गेले, त्याची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. पुन्हा बोलावणं येऊ शकतं, तेव्हा आदेशाची तारीख, पीएफ आणि एचआर या तिन्ही गोष्टी निघण्याआधीच लेखी झालेल्या असाव्यात.

राहिले फुगे. ते फोडायचे नाहीत, फुगवायचेही नाहीत. बंद घरात एक जरी फुटला तरी बाबा मुलासमोर जमिनीवर पडतील, आणि ते दोघांच्याही लक्षात राहील. त्याला दुसरं काम द्या. स्टेशनवर गर्दी करून जाऊ नका, दिराला एकट्याला पाठवा. मुलाने घरी दार उघडायचं, आणि बाबांच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचा. बॅग कोण उघडणार यावर त्याचं आणि आजीचं भांडण होईल, ते होऊ द्या.